डॉक्टरांनी मला कोरडं केलं तेव्हा

लवंगेचा वास.

एक बाई धक्क्यावर उभी आहे. चपला हातात घेतल्या आहेत, पण पाय काही पुढे पडत नाही.

"काठीबाई, त्या गृहस्थांना सांगा, दोर माझ्या पायावर आहे."

काड्.

एका बादलीला आज कामच नाही, म्हणून बादलीवाल्या बाई फुगून बसल्या आहेत.

"बाबा नाहीत." नाहीत म्हणजे कुठे नाहीत? शेडमध्ये नाहीत, ते मलाही दिसतं.

मित्रांनो, यातलं आधी काय आणि नंतर काय, हे मला धड सांगता येईल असं वाटत नाही. मी लाकडाची आहे. लाकडात सगळी वर्षं एकदमच असतात, एकाच्या पोटात एक वेटोळं घालून बसलेली. तरी प्रयत्न करते. मी एक जुनी शिडाची होडी आहे. म्हणजे, बहुतेक मीच ती आहे.

हे 'बहुतेक' कशासाठी, ते आधी सांगायला हवं.

मी एकटी जन्मले नाही. एकाच नकाशावरून, एकाच लांब शेडमध्ये आम्ही सगळ्या बहिणी तयार झालो. आधी कणा मांडला. मग वाफेत शेकून वाकवलेल्या फासळ्या. मग त्यांच्यावर फळ्या, एकीला एक भिडवून. दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठोकली आणि वरून मऊ लुकण भरलं. लुकण मऊच का, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही. ज्याच्यामुळे आपण जगतो त्याबद्दल आपण क्वचितच विचारतो.

आमच्या मालकांचं एक मंडळ आहे. मंडळ म्हणजे नेमकं काय, हे मला आजही नीट समजलेलं नाही. रविवारी धक्क्यावर जमून एकमेकांच्या होड्यांना नावं ठेवायची, आणि सोमवारी त्याच होड्यांसाठी स्वतःच्या घरची पक्कड आणून द्यायची, असं काम करणारी ही माणसं आहेत. त्यांच्यात वस्तू सारख्या इकडून तिकडे जातात. माझी डोलकाठी मूळची जुळ्या भावांच्या होडीची. माझं पहिलं सुकाणू आता ग्रंथपालबाईंच्या होडीला आहे. वारा सुटला की काठी जुळ्यांकडे कलते असा मला संशय आहे. ग्रंथपालबाईंची होडी वळली की मलाही आत कुठेतरी वळल्यासारखं होतं. म्हणून म्हटलं, बहुतेक.

जुळ्या भावांचं सांगायचं राहिलं. त्यांची दोघांत मिळून एकच होडी आहे आणि एकमेकांशी बोलणं बंद आहे. कशावरून, ते दोघांनाही आता आठवत नसावं. होडी काही मधून चिरून वाटता येत नाही. म्हणून ते शेजारी बसतात आणि डोलकाठीमार्फत बोलतात. "काठीबाई, त्यांना सांगा, शीड ओढायची वेळ झाली." "काठीबाई, त्यांना सांगा, मला डोळे आहेत." डोलकाठी कधी निरोप पोचवत नाही. तरी शीड वेळेवर वर जातं. हे कसं, ते मला विचारू नका.

आता बाबा.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. ते माझे पहिले मालक. सुट्टीच्या दिवशी सकाळीच यायचे, खोकायचे, आणि मग माझ्या फळीवर दोन थापा मारायचे. खोकला आणि दोन थापा म्हणजे मी निघायचं, असं मी शिकले होते. त्यांच्याबरोबर दोन वेण्यांची मुलगी असायची. ती सुकाणू धरायची आणि वळताना जिभेचं टोक बाहेर काढायची. जीभ उजवीकडे गेली की होडी उजवीकडे. कितीतरी दिवस मला वाटत होतं की मी तिच्या जिभेनेच वळते.

मित्रांनो, आमच्या मंडळाचा एक रिवाज तुम्हाला ठाऊक नसणार, आणि तो कळल्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही.

हंगाम संपला की आम्हाला पाण्याबाहेर काढून शेडमध्ये ठेवतात. तिथे आम्ही वाळतो. वाळलं की लाकूड आक्रसतं, फळ्या एकमेकींपासून सरकतात, आणि सांध्यांतून उजेड दिसू लागतो. पुढच्या हंगामात पाण्यात उतरवलं की त्या सगळ्या फटींतून पाणी आत येतं. चांगलं बाकापर्यंत येतं. नवख्या माणसाला वाटतं, गेली ही. पण ती बुडत नसते. ती पीत असते. लाकूड पाणी पिऊन फुगतं, फळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट भिडतात, मधलं मऊ लुकण दबून त्यांना वाट करून देतं, आणि गळती आपोआप थांबते. तोवर कोणीतरी शांतपणे पाणी उपसत बसायचं, एवढंच.

अवघड असतं ते शांत बसणं. स्वतःच्या होडीत पाणी चढताना पाहिलं की भलाभला मालक बिथरतो. चिंध्या कोंबतो, खिळे ठोकतो, नको ते करून ठेवतो. म्हणून रिवाज असा, की उतरवायच्या दिवशी आपली होडी आपण उपसायची नाही. आपण शेजाऱ्याच्या होडीत बसायचं, शेजाऱ्याने आपल्या. जो तो दुसऱ्याच्या पाण्यात पाय बुडवून बसतो, आणि आपल्या होडीकडे नजर जाऊ नये म्हणून आभाळाकडे बघत गप्पा मारतो. माझ्या शेजारची होडी ग्रंथपालबाईंची. म्हणून माझं पाणी बाई उपसायच्या आणि बाईंच्या होडीचं बाबा.

मग एका हंगामाच्या शेवटी बाबांचा खोकला वाढला. पुढच्या हंगामात खोकला आला नाही, थापाही आल्या नाहीत. मी वाट बघत राहिले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. शेडमध्ये माणसं बोलत होती. छातीचे डॉक्टर म्हणाले होते, सिगारेट. मुलगी म्हणत होती म्हणे, ओल. "इतकी वर्षं त्या ओल्या होडीत बसून बसून छाती गेली त्यांची."

मी खूप विचार केला. उतरवायच्या दिवसाचं पाणी तर ग्रंथपालबाईंच्या होडीचं असायचं. पण बाकीच्या दिवसांची ओल माझीच. सिगारेट मात्र माझी नव्हती. मग त्यांना नेलं कोणी? मला हे आजही सुटलेलं नाही. तुम्हाला सुटलं तर मला सांगू नका.

माझ्यावर ताडपत्री आली. एका मांजरीने माझ्या पुढच्या बाकाखाली पिलं घातली. तो काळ वाईट नव्हता, पण मांजर होडीला होडी समजत नाही. पिलं मोठी होऊन निघून गेली. मी वाळत गेले. एक हंगाम मला कोणी उतरवलं नाही, मग दुसराही. ताडपत्रीला भोकं होती आणि मला फटी होत्या, त्यामुळे दुपारी माझ्या पोटात उन्हाच्या बारीक रेघा उभ्या राहत. त्या मला आवडत. आपण सुंदर दिसतो आहोत की मरतो आहोत, हे मला ओळखता येत नव्हतं.

एके दिवशी ताडपत्री उचलली गेली आणि एक माणूस आत वाकला. कपाळावर दिवा बांधलेला. त्याने माझ्या सांध्यात छोटा गोल आरसा घातला, एका टोकदार आकड्याने टोचून पाहिलं, आणि "अरेरे" म्हणाला. 'आ करा' तेवढं म्हणाला नाही. हे बाबांचे जावई, दातांचे डॉक्टर.

त्यांच्यामागे दाराशी एक बाई उभी होती. चष्मा लावलेली, केस कानापर्यंत कापलेली.

"मी त्यात बसणार नाही," ती म्हणाली.

"बस म्हणतंय कोण? नुसती जवळ तर ये."

"जवळून काय बघायचंय? त्या ओलीत बाबा बसायचे, आता तुम्ही बसा. म्हणजे मी मोकळीच."

"आतून अगदी कोरडी करून दिली तर?"

"कोरडी असेल तर येईन. ठणठणीत कोरडी. नाहीतर जुळ्यांना देऊन टाका. सुटी करतील आणि वापरतील. निदान रोज डोळ्यांसमोर तरी नको."

मित्रांनो, माझा प्रश्न एवढाच होता. कोरडी राहिले तर मी होडी. गळले तर डोलकाठी इकडे, सुकाणू तिकडे, आणि उरलेल्या फळ्यांची बाकं. डॉक्टरांचा प्रश्न वेगळा होता. तो त्यांनी मला काम करता करता सांगितला. दातांच्या डॉक्टरांना ज्याचं तोंड भरलेलं आहे त्याच्याशी बोलायची सवय असते. उत्तराची अपेक्षा नसते. त्यामुळे आमचं चांगलं जमलं. "बाबा गेल्यापासून ती हसते, पण पेशंट हसतात तशी," ते म्हणाले. "मला तिला एकदा सुकाणूवर बघायचंय. लग्नाआधी पहिल्यांदा पाहिली ती तिथेच."

त्यांनी माझ्या सांध्यांतला जुना कापूस उपसून काढला. लुकण खरवडून काढलं. दोन नळ्यांतलं काहीतरी एकत्र कालवलं आणि प्रत्येक फट काठोकाठ भरली. त्यांच्या हाताला लवंगेचा वास येत होता. भरलेलं वाळलं आणि दगड झालं. "आता आयुष्यभर बघायला नको," म्हणून त्यांनी नखाने टकटक केलं. मला फार अभिमान वाटला. इतकं पूर्ण मला कधीच वाटलं नव्हतं. उन्हाच्या रेघा मात्र बंद झाल्या.

उतरवायचा दिवस आला. सगळ्या बहिणी रांगेने पाण्यात उतरल्या आणि गळू लागल्या. सगळे मालक दुसऱ्यांच्या होड्यांत बसून उपसू लागले. डॉक्टर ग्रंथपालबाईंच्या होडीत घोट्यापर्यंत पाण्यात होते. बाई माझ्यात होत्या, आपली बादली मांडीवर घेऊन.

"डॉक्टर, मी इथे काय शोभेला बसू?"

"बाई, एक थेंब आहे का बघा!"

"तेच सांगतेय. थेंब नाही. पीत कशी नाही ही?"

"तिला प्यायची गरजच नाही आता."

"असं माझ्या नवऱ्याबद्दल कोणीतरी म्हणावं अशी फार इच्छा होती हो माझी." बाई हसल्या, पण बादली रिकामीच घेऊन उतरल्या आणि दिवसभर कोणाशी धड बोलल्या नाहीत. "बादली रिकामी आली," एवढंच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

मग चष्मेवाली बाई आली. धक्क्यावर उभी राहिली. चपला काढून हातात घेतल्या. वाकून माझ्या तळाला पालथा हात लावला, मग सुलटा. कोरडं. पाय आत टाकला. बसली. सुकाणू हातात घेतलं, आणि धक्का सोडून वळताना तिच्या जिभेचं टोक बाहेर आलं.

तेव्हा मला कळलं! ती मुलगी कुठे गेली म्हणून मी इतके दिवस शोधत होते, आणि ती या बाईच्या आत बसली होती. माणसांतही एकात एक वेटोळी असतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टर धक्क्यावरून ओरडत होते. जीव भांड्यात पडला, असं काहीसं. भांडं म्हणजे बाईंची बादली असणार, असं मी धरून चालले. ती रिकामीच होती.

"काठीबाई, त्यांना सांगा, आपल्याही होडीला असंच करून घेऊ."

"काठीबाई, त्यांना सांगा, आधी हिचं काय होतं ते बघू."

आतून मी कोरडी होते, पण बाहेरून पाण्यातच होते. लाकूड बाहेरून पीत राहिलं. फळ्यांना वाढायचं होतं. दर हंगामात त्या एकमेकींकडे सरकायच्या, पण आता मध्ये दगड होता. जागा मिळेना तेव्हा त्या बाहेरच्या बाजूला रेटू लागल्या, आणि ज्या फासळ्यांना खिळल्या होत्या त्यांनाही ओढू लागल्या. मला सगळीकडून ताणल्यासारखं, भरून आल्यासारखं होऊ लागलं. मला वाटलं, हा आनंदच असणार, मुलगी परत आली ना! मित्रांनो, मला आनंद आणि कळ यांतला फरक ओळखायला वेळ लागतो.

मंडळाचा मेळा होता. सगळ्या होड्या एका रांगेत शिडं उभारून निघाल्या. भर दुपार, वारा छान. मुलगी सुकाणूवर, डॉक्टर दोरावर. ती काहीतरी सांगत होती आणि हसत होती, पेशंट हसतात तशी नव्हे.

काड्.

"काय वाजलं?"

पुन्हा काड्. डावीकडच्या फासळ्या, एकीमागून एक. एक फळी फासळीपासून सुटली आणि पाणी उसळून आत आलं. हे पिणं नव्हतं. ग्रंथपालबाईंनी दोर फेकला आणि मला ओढत धक्क्यावर आणलं.

मुलगी ओरडली नाही. ओली साडी पिळत उभी राहिली. "कोरडी आहे म्हणालात."

"होती ना."

"मग आत काय मोडत होतं? हाड मोडावं तसा आवाज होता तो." आणि ती निघून गेली.

शेडमध्ये मंडळ जमलं. ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळाच सल्ला. कोणी म्हणे, आणखी भरा. कोणी म्हणे, वरून पत्रा मारा. कोणी म्हणे, हिचे दिवस भरले. जुळे माझ्याच डोलकाठीपाशी येऊन म्हणाले, काठीबाई, तुम्ही आता घरी चला. मी सगळ्यांचं ऐकत होते आणि मला सगळेच बरोबर वाटत होते.

डॉक्टर माझ्या फळीवर अंगठा दाबून बसले होते, हिरडीवर दाबतात तसा.

"बाई," ते मध्येच म्हणाले, "दाताच्या आत सूज आली की माणूस गडाबडा लोळतो. गाल सुजला तर एवढा लोळत नाही. का माहितीये? गाल मऊ असतो. दात कडक. सुजेला जायला जागाच नसते."

"मग तुम्ही काय करता?"

"जागा करून देतो." अंगठा तसाच. "आणि हिला मी उलटंच केलं. हिची सूज चांगली होती, बाई. मी तिची जागा बुजवली. तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, काही नवीन निघालं असेल. शिकलेला माणूस, पक्कं करतोय. आणि बोलले की! बादली रिकामी आली म्हणाले. याहून मोठ्याने कसं बोलतात, डॉक्टर?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यातली बारीक यंत्रं घेऊन आले. दगड कोरायला सुरुवात केली. सूं सूं आवाज, पांढरी धूळ, पुन्हा लवंग. मंडळातल्या प्रत्येकाने एकेक सांधा वाटून घेतला. जे भरायला एका माणसाला थोडे दिवस लागले, ते काढायला सगळ्यांच्या नाकी नऊ आले. हळूहळू माझ्या पोटात उन्हाच्या रेघा परतल्या.

मोडलेल्या फासळ्यांचं काम जुळ्यांकडे आलं. फासळी वाफेतून काढली की ती निवायच्या आत वाकवावी लागते, एकाने वरून, एकाने खालून. निरोपाला वेळ नसतो.

"काठीबाई, त्यांना सां—"

"अरे, दाब! दाब लवकर!"

"दाबतोय रे! तू सोडू नकोस!"

फासळी जागेवर बसली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग धाकटा हळूच म्हणाला, "काठीबाई, त्यांना सांगा, चांगली बसली." मोठ्याने मान हलवली. माझ्या डोलकाठीला घरी न्यायचं मात्र दोघांनी पुन्हा काढलं नाही.

सांध्यांत नवा कापूस आला, मऊ लुकण आलं. पुढच्या हंगामात सगळ्या बहिणींबरोबर मला पुन्हा पाण्यात उतरवायचं ठरलं. त्या सकाळी डॉक्टरांनी धक्क्यावरूनच घरी फोन केला. "कोरडी करून देईन म्हटलं होतं. ते मला जमणार नाही. ती गळणार आहे, आणि गळायलाच हवी." पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला आणि नुसतेच उभे राहिले.

मी गळले, मित्रांनो. प्रत्येक सांध्यातून गळले. पाणी बाकाला लागलं.

आणि ती आली. धक्क्याच्या टोकाला उभी राहून तिने ते पाणी पाहिलं. सगळं मंडळ आभाळाकडे बघायचं विसरून तिच्याकडे बघू लागलं.

ग्रंथपालबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "बरं झालं आलीस ग. माझी कंबर धरलीय. घे ही बादली, उपस बघू."

"मला चालत नाही."

"का? भितेस अजून पाण्याला?"

"भिते. पण म्हणून नाही." तिने चष्मा काढून पदराला पुसला. "आपली होडी आपण उपसत नाही ना?"

डॉक्टर एकदम खाली वाकून, सुटलेली नसलेली बुटाची नाडी बांधू लागले.

"तुमची मी उपसते," ती बाईंना म्हणाली. "बाबा कुठल्या बाजूला बसायचे?"

बाईंनी बोट दाखवलं. मुलगी त्यांच्या होडीत उतरली, पाणी पायाला लागताच शहारली, आणि त्या जागेवर बसली. माझ्याकडे न बघता आभाळाकडे बघत उपसू लागली. बाई कण्हत-कुंथत माझ्यात शिरल्या आणि म्हणाल्या, "एकेकीचे नखरे!" त्यांची बादली भरली होती.

संध्याकाळपर्यंत फळ्या एकमेकींना भिडल्या. आता मी पुन्हा पाण्यात असते. तळाशी थोडी ओल राहतेच. मुलगी ती फडक्याने टिपते, पुटपुटते, आणि सुकाणूवर बसते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवायचं असतं हे मला माहीत आहे. पण मीच नीट शिकलेली नाही. ज्यांना मी हवी होते त्यांनीच मला मोडलं, आणि त्यांनीच पुन्हा उभं केलं. ओलीने बाबांना नेलं की नाही, ते मला ठाऊक नाही. ओलीशिवाय मी जगत नाही, एवढं ठाऊक आहे. म्हणून नुसती विनंती करते. तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं काही असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याची काळजी जरूर घ्या. पण त्याची प्रत्येक फट बुजवू नका. त्याला फुगायला थोडी जागा ठेवा. ते गळताना दिसलं आणि तुमचा धीर सुटू लागला, तर शेजाऱ्याला हाक मारा.

बाबा दर हंगामात बाईंच्या गळत्या होडीत जाऊन बसायचे. त्यांना पोहता येत नव्हतं.